साठीची अट

माझ्या बी.ए.च्या पदवीचा मला आयुष्यात फारसा उपयोग झालेला नाही. कविता लिहायला ती लागत नाही, आणि नोकरीत माझ्याबरोबरचे बारावी झालेले लोक माझ्या पुढे निघून गेले. ही पदवी कधी कधी किती मोलाची ठरू शकते हे मला २०२१ साली कळलं, आणि तेही माझ्या नव्हे, थोरल्या भावाच्या कागदपत्रांवरून.

आमचे भाई १९८२ साली कुवेतला गेले. बाणकोटच्या खाडीकाठच्या आमच्या घरातून दोन मुलांना कॉलेजात घालणं वडिलांच्या आवाक्यातलं नव्हतं. भाई मॅट्रिक करून थांबले, कुवेत शहराजवळच्या शुवैख भागात एका व्यापाऱ्याच्या गोदामात स्टोअरकीपर झाले, आणि त्यांच्या ड्राफ्टवर मी बी.ए. झालो. २०२० मध्ये त्यांनी साठी गाठली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये कुवेतच्या मनुष्यबळ प्राधिकरणाचा एक निर्णय जाहीर झाला. ज्या परदेशी कामगाराचं वय साठ किंवा त्याहून जास्त आहे आणि शिक्षण बारावी किंवा त्याहून कमी आहे, त्याच्या कामाच्या परवान्याचं नूतनीकरण होणार नाही. अंमल १ जानेवारी २०२१ पासून. पदवीधराला ही अट नव्हती. म्हणजे तिथे मी असतो तर राहिलो असतो. ज्याने मला बी.ए. केलं त्याने मात्र गाशा गुंडाळायचा.

पुढे हा नियम मागे घेतला गेला आणि त्याच्या जागी आला खासगी आरोग्य विमा. विमा उतरवा आणि राहा. साठी ओलांडलेल्या परदेशी माणसाचं तिथलं राहणं एका पॉलिसीला बांधलं गेलं. हे एका रात्रीत झालं नाही. परदेशी गेलेला माणूस आजारी पडला तर खर्च कोणी करायचा, आणि तो म्हातारा झाला तर कोणी करायचा, या दोन प्रश्नांची उत्तरं गेल्या शंभर वर्षांत अनेकदा बदलली. मी ती मुख्यतः कुवेतपुरती सांगणार आहे. सगळं आखात एका भाषणात मावणार नाही, आणि कुवेत माझ्या घरात चाळीस वर्षं राहिलेलं आहे.

आमच्या भागातल्या लोकांना परदेश आधी बोटीवरून दिसला. ब्रिटिश इंडिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनी, जिला सगळे नुसतं बी.आय. म्हणत, तिच्या बोटी मुंबईहून कराची, मस्कत, दुबई, बहारीन, कुवेत अशी बंदरं घेत बसऱ्यापर्यंत जात. या मार्गावरची 'द्वारका' १९८२ साली थांबली. वडीलही बोटीवर खलाशी होते. बोटीवर नाव लागलेलं असेपर्यंत खलाशी आजारी पडला तर औषधपाण्याचा खर्च जहाजमालकाने करायचा, हे ब्रिटिश जहाज कायद्यातच होतं. हिशेब करून माणूस उतरला की जबाबदारी संपली. मग त्याला आधार उरे तो मुंबईतल्या डोंगरी-माझगाव भागात गावाच्या नावाने घेतलेल्या खोलीचा. तिथे एका भिंतीला पेट्या, दुसऱ्या भिंतीला माणसं. कोणी तापाने फणफणला तर खोलीतले लोक वर्गणी काढून त्याला जे. जे. रुग्णालयात नेत, बरा झाला तर पुढच्या बोटीचं बघत, नाहीतर गावी पोचवत. ही वर्गणी कुठल्या कागदावर नव्हती, पण तिच्यातही एक न लिहिलेली अट होती. ती कमावत्या वयाच्या माणसाची होती. गावी जाऊन म्हातारा झालेल्या खलाशाच्या मागे ती वर्गणी येत नसे.

ज्या कुवेतला या बोटी थांबत ते तेव्हा मोती आणि गलबतांचं गाव होतं. तिथलं आधुनिक औषधपाणी अमेरिकन मिशनच्या डॉक्टरांनी सुरू केलं. बायकांसाठी डॉ. एलिनॉर कॅलव्हर्ली १९१२ साली तिथे पोचल्या, आणि पाठोपाठ मिशनचं रुग्णालय उभं राहिलं. सरकारचं स्वतःचं अमीरी रुग्णालय १९४९ चं. मध्ये १९४६ साली तेलाचं पहिलं जहाज निघालं होतं आणि तेल कंपनीला कारकून, फिटर, वायरमन हवे होते. ते ती मुंबईहून भरती करी. आणि यात काही आश्चर्यही नव्हतं: कुवेतचा दिनार १९६१ च्या एप्रिलमध्ये आला, तोवर तिथल्या बाजारात आपलाच रुपया चालत होता. अहमदी या कंपनीच्या गावात घरं हुद्द्याप्रमाणे वाटलेली होती, इंग्रज साहेबांची वेगळी, हिंदी कारकुनांची वेगळी. दवाखाना कंपनीचा. पण तोही नोकरीला जोडलेला, बोटीवरच्यासारखाच.

या साखळीला अपवाद असा काळ एकच आला, आणि भाई नेमके त्या काळात तिथे पोचले. स्वातंत्र्यानंतर आणि विशेषतः १९७३ च्या तेलाच्या भाववाढीनंतर कुवेत सरकारने दवाखाने सगळ्यांना खुले ठेवले होते. परदेशी माणसालाही सरकारी दवाखान्यात जवळजवळ फुकट उपचार मिळत. सिव्हिल आयडी दाखवायचं, डॉक्टरला भेटायचं, औषधाची पिशवी घेऊन यायचं. भाई सुट्टीवर येत तेव्हा त्यांच्या बॅगेत अत्तर आणि टँगच्या डब्यांबरोबर मलमाच्या ट्यूब आणि तापाच्या गोळ्याही असत. गावातली अर्धी आळी त्यांच्याकडे गुडघेदुखीचं औषध मागायला येई. आम्हाला वाटे, कुवेत म्हणजे असा देश जिथे आजाराला पैसे पडत नाहीत.

पण त्या उदारपणालाही एक चाळणी होती आणि ती मुंबईतच लावलेली असे. गल्फचं मेडिकल ज्यांनी दिलं आहे त्यांना ती ठाऊक आहे. छातीच्या फोटोत जुन्या क्षयाचा डाग दिसला की शिक्का बसे 'अनफिट'. शेत गहाण ठेवून एजंटला पैसे दिलेला माणूस त्या एका शब्दाने परत गावी येई. जाणारा प्रत्येक जण तरुण आणि तपासून घेतलेला. निवृत्तिवेतनाची सामाजिक सुरक्षा तिथे १९७६ च्या कायद्याने आली ती नागरिकांसाठी; परदेशी कामगाराला नोकरी सोडताना सेवेच्या वर्षांप्रमाणे एकरकमी पैसे. नागरिकत्व मिळण्याचा प्रश्न नव्हता. म्हणजे परदेशी माणसाची जवानी तिथे आणि म्हातारपण दुसरीकडे, असं गृहीतच होतं. एका वाक्यात कुठे लिहिलेलं नव्हतं, पण सगळी मांडणी त्यावर उभी होती. मी यात कुणाला दोष देत नाही. आम्हीही तेच गृहीत धरलं होतं. चार वर्षं काढायची, घर बांधायचं आणि परत यायचं, असं म्हणूनच प्रत्येक जण गेला. चारची चाळीस झाली ती पुढे.

२ ऑगस्ट १९९० रोजी इराकचं सैन्य कुवेतमध्ये घुसलं. एअर इंडियाच्या विमानांनी जॉर्डनमधल्या अम्मानहून दोन महिन्यांत ४८८ फेऱ्या करून १ लाख ७० हजारांच्या आसपास भारतीयांना परत आणलं. भाई त्यांतले एक. बसरा, बगदाद, अम्मान असा बसचा प्रवास करून ते सहारला उतरले तेव्हा त्यांच्याजवळ एक पिशवी आणि बुडालेला हिशेब होता. १९९२ साली ते पुन्हा गेले. त्यांच्या म्हणण्याप्रमाणे तो देश तोच होता, पण हात आखडला होता. युद्धाचा खर्च झाला होता, आणि परदेशी लोकांवर आपण किती खर्च करायचा हा प्रश्न तिथले लोक उघडपणे विचारू लागले होते.

त्याचं उत्तर म्हणजे १९९९ सालचा पहिल्या क्रमांकाचा कायदा: परदेशी लोकांचा आरोग्य विमा आणि आरोग्यसेवेवरचं शुल्क. कामगारामागे वर्षाला ५० दिनार, इकाम्याच्या, म्हणजे राहण्याच्या परवान्याच्या, नूतनीकरणाबरोबरच भरायचे. त्याशिवाय दवाखान्यात गेलं की थोडं शुल्क. नाव विमा असलं तरी ही एक प्रकारची पट्टीच होती. कंपनी निवडायची नव्हती, कलमं वाचायची नव्हती. पण आज मागे वळून पाहताना त्या पट्टीतली एक गोष्ट मला मोठी वाटते. तिने वय विचारलं नाही. पंचविशीतल्या पोराला ५० दिनार आणि पन्नाशीतल्या मधुमेही माणसालाही ५० दिनार. तरुणाच्या पैशातून म्हाताऱ्याचं औषध येई, आणि तो तरुण म्हातारा झाला की त्याच्यासाठी दुसरा कोणी भरी. डोंगरीच्या खोलीतली वर्गणी याहून फार वेगळी नव्हती. खासगी विम्याचं गणित याच्या बरोबर उलटं चालतं. तो प्रत्येक माणसाची जोखीम वेगळी मोजतो, आणि जसजसं वय वाढतं तसतसा हप्ता वाढतो, नाहीतर दरवाजा लागतो.

इथे थोडं थांबून विम्याबद्दल आमच्या लोकांच्या मनात असलेली एक अढी सांगायला हवी, कारण तिचा या गोष्टीशी संबंध आहे. विमा हलाल की हराम, हा वाद आमच्याकडे पंगतीत बसल्या बसल्या चाले. वाद जुना आहे. एकोणिसाव्या शतकात दमास्कसचे हनफी विद्वान इब्न आबिदीन यांनी युरोपीय व्यापाऱ्यांच्या सागरी विम्याची चर्चा केली आणि तो व्यवहार अमान्य ठरवला. भविष्यात काय होईल ते माहीत नसताना त्यावर पैसे लावणं, त्यातलं व्याज, हे आक्षेपाचे मुद्दे. पुढे १९८५ साली जेद्दाच्या आंतरराष्ट्रीय फिकह अकादमीने निकाल दिला: नफ्यासाठी चालणारा व्यापारी विमा नाही, पण सगळ्यांनी मिळून एकमेकांसाठी निधी उभारला तर तो सहकारी विमा चालेल. म्हणूनच सौदी अरेबियाने १९९९ साली परदेशी लोकांसाठी आरोग्य विम्याचा कायदा केला तेव्हा त्याच्या नावातच 'सहकारी' हा शब्द ठेवला. जेद्दा-रियाधला गेलेले आमचे गाववाले २००६ नंतर ही विम्याची कार्डं खिशात घालून येऊ लागले, आणि पंगतीतला वाद आपोआप मंदावला. कार्डाने दात काढून मिळतो म्हटल्यावर कोण वाद घालणार!

हे सांगितलं ते माझा स्वतःचा एक गुन्हा कबूल करण्यासाठी. २००५ साली भाई सुट्टीवर आले होते. वय पंचेचाळीस, साखर नाही, रक्तदाब नाही, मुरुडच्या वाळूत पोरांबरोबर व्हॉलीबॉल खेळत होते. आपल्याकडे रुग्णालयाच्या खर्चाची 'मेडिक्लेम' पॉलिसी सरकारी विमा कंपन्यांनी १९८६ सालीच आणली होती, आणि २००० नंतर खासगी कंपन्याही आल्या होत्या. दापोलीच्या एका एजंटाने भाईंच्या हातात माहितीपत्रक दिलं. भाईंनी ते माझ्याकडे दिलं. "तू शिकलेला आहेस, बघ जरा. मी तिकडे आहे तोवर इकडचं घेऊन ठेवू का?" मी म्हटलं, "बघू." मग म्हटलं, "तुम्हाला तिकडे ५० दिनारात सगळं मिळतं, इकडे कशाला दोनदा भरायचं?" आणि शेवटी, ज्यावर माझा स्वतःचा विश्वास नव्हता ते हलाल-हरामचंही कारण पुढे केलं, कारण फॉर्म भरायचा कंटाळा आला होता. माहितीपत्रक टेबलाच्या खणात गेलं. कवितेच्या वह्यांखाली ते नंतर कितीतरी वर्षं होतं.

त्या पंधरा वर्षांत कुवेतमध्ये जे घडत गेलं ते भाई फोनवर तुकड्यातुकड्याने सांगत. २०१३ साली जहरा इथल्या सरकारी रुग्णालयात सकाळची वेळ फक्त नागरिकांना आणि परदेशी रुग्णांनी संध्याकाळी यायचं, असा प्रयोग सुरू झाला. २०१६ साली सरकारने आपल्या निवृत्त नागरिकांसाठी 'अफिया' नावाची खासगी विम्याची योजना सुरू केली. हे मला फार बोलकं वाटतं. म्हातारपणी खासगी रुग्णालयाचं कार्ड हवं, हे सरकारला पटलेलं होतं. स्वतःच्या माणसांचा हप्ता ते स्वतः भरत होतं. २०१७ च्या ऑक्टोबरपासून परदेशी रुग्णांचं शुल्क वाढलं: साध्या दवाखान्यात एकाचे दोन दिनार, रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात दोनाचे दहा. २०१८ अखेर उघडलेलं प्रचंड जाबेर रुग्णालय सुरुवातीला फक्त नागरिकांसाठी होतं.

कुवेती माणसाची बाजूही ऐकायला हवी. लोकसंख्येत दर दहांतले सातच्या आसपास परदेशी. आपल्याच देशात, आपल्याच तेलाच्या पैशावर बांधलेल्या रुग्णालयात आपल्याला रांग लावावी लागते, ही तक्रार खोटी नव्हती. मुंबईत परप्रांतीयांबद्दल आपण काय काय बोलतो ते आठवलं की मला त्यांच्यावर टीका करायला जीभ वळत नाही. भाईही कधी करत नसत. "त्यांचा देश, त्यांचा कायदा," एवढंच म्हणत.

मग करोना आला. २०२० च्या मे अखेर फरवानिया, जिथे भाई सहा जणांच्या खोलीत राहत, तो भाग नाकाबंदीत गेला. जूनमध्ये कुवेतच्या पंतप्रधानांनी परदेशी लोकांचं प्रमाण सत्तर टक्क्यांवरून तीसवर यायला हवं असं सांगितलं, आणि ऑगस्टमध्ये साठीचा तो निर्णय आला.

२०२१ हे वर्ष आमच्या घरात कसं गेलं ते सांगणं अवघड आहे. भाईंच्या इकाम्याला थोड्या थोड्या दिवसांची मुदतवाढ मिळत होती. तिथल्या वर्तमानपत्रांत रोज नवा आकडा. दोन हजार दिनार भरून राहता येईल. नाही, एक हजार. नाही, पाचशे. दर आकड्याला भाभी मला फोन करत आणि मी त्याचे रुपये करून सांगे. ऑक्टोबरमध्ये कुवेतच्याच फतवा व कायदा विभागाने सांगितलं की ज्या अधिकारात हा निर्णय घेतला तो अधिकारच त्या पदाला नव्हता. आणि २०२२ च्या जानेवारीअखेर नवा नियम आला: वर्षाला २५० दिनार जादा शुल्क, आणि कुवेतच्या शेअर बाजारात नोंदलेल्या विमा कंपनीकडून घेतलेली, वर्षभर रद्द न करता येणारी सर्वंकष खासगी आरोग्य विमा पॉलिसी. तिचा दर ५०० दिनारांच्या आसपास ठरला. दोन्ही मिळून साडेसातशेच्या वर. तेव्हाच्या भावाने पावणेदोन ते दोन लाख रुपये. भाईंचा पगार होता २२० दिनार.

त्यांच्या बरोबरीच्या माणसांनी तेव्हा निरनिराळे मार्ग धरले. काहींनी आदल्या वर्षीच तिकीट काढलं होतं. एकाने मुलाच्या नावावर राहण्याची खटपट केली. भाईंचा मालक भला होता, अर्धे मी देतो म्हणाला. धाकट्या मुलीचं लग्न व्हायचं होतं. भाईंनी एक वर्ष विकत घ्यायचं ठरवलं. मी मुद्दाम 'विकत घ्यायचं' म्हणतो, कारण पॉलिसीकडे आम्ही तसंच पाहिलं.

तरी या वेळी मी ती वाचली. भाईंनी एकेका पानाचा फोटो पाठवला, मी चष्मा लावून रात्री दोनपर्यंत बसलो. आयुष्यात इतक्या बारकाईने मी कुठला काव्यसंग्रह वाचलेला नाही. कोणत्या रुग्णालयात चालते, वर्षाची कमाल रक्कम किती, आधीपासूनच्या आजाराचं काय (तोवर भाईंना मधुमेह आणि रक्तदाब दोन्ही जडले होते), दाखल न होता नुसतं डॉक्टरला दाखवलं तर पैसे मिळतात का. आणि शेवटी तो भौगोलिक हद्दीचा मुद्दा. भाईंच्या पॉलिसीची हद्द कुवेत होती. सुट्टीवर गावी आले आणि छातीत दुखलं तर ती कागदाची पानं इथे कामाची नव्हती. नोकरी संपली की इकामा संपणार, इकामा संपला की पॉलिसी पुन्हा मिळणार नाही. बोटीवर नाव असेपर्यंत औषधपाणी, या वडिलांच्या काळच्या नियमापाशी आम्ही फिरून आलो होतो, फक्त या वेळी पैसे खलाशाने भरायचे होते.

शेजारच्या देशांतही थोड्याफार फरकाने हाच प्रवास झाला. अबुधाबीने २००५ च्या कायद्याने विमा सक्तीचा केला, दुबईने २०१३ च्या. कामगाराचा हप्ता मालकाने भरायचा, ही त्यातली चांगली बाजू. शारजा, अजमान वगैरे उरलेल्या अमिरातींत ही सक्ती २०२५ च्या जानेवारीत आली, वर्षाला ३२० दिरहॅमच्या मूळ पॉलिसीने. ही पॉलिसी ६४ वर्षांपर्यंत सरळ मिळते. त्यापुढच्या माणसाने आजारांची माहिती आणि वैद्यकीय कागद जोडायचे. कुवेतमध्येही साठीच्या नियमात पुढे आणखी बदल होत गेले, पण ते भाईंच्या कामाचे नव्हते.

आपल्या सरकारनेही परदेशी जाणाऱ्या कामगारांसाठी २००३ साली 'प्रवासी भारतीय विमा योजना' आणली, २००९ साली दूतावासांत कल्याण निधी सुरू केला. अडल्यानडल्याला दोन्हींची मदत होते. पण पहिली मुख्यतः अपघातासाठी आहे आणि दुसरा संकटकाळासाठी. रोज सकाळी साखरेची गोळी घेणाऱ्या, परतलेल्या म्हाताऱ्याचं त्यात काही नाही.

भाई २०२३ च्या फेब्रुवारीत कायमचे परत आले. त्याच महिन्यात मी त्यांच्यासाठी आणि भाभींसाठी इथली पॉलिसी शोधायला लागलो. भाभींचा विमा तर कधी कुणाच्या मनातही आला नव्हता. भाईंच्या पगारात बायकोला तिकडे नेण्याची परवानगी कधीच बसली नाही, त्यामुळे कुवेतच्या फुकट काळातही त्या दापोलीच्या डॉक्टरांना रोख पैसे देत होत्या. एका कंपनीने भाईंचे रिपोर्ट पाहून नकार कळवला. दुसरीने घेतलं, पण चार वर्षं मधुमेह, रक्तदाब आणि त्यांतून उद्भवणाऱ्या आजारांना पैसे मिळणार नाहीत, आणि पुढेही बिलातले वीस टक्के आपण भरायचे, अशा अटींवर. हप्ता ऐकून भाभी म्हणाल्या, "एवढ्यात दरवर्षी दागिना होईल." भाई म्हणाले, "पंचेचाळीसाव्या वर्षी घेतली असती तर?" आणि माझ्याकडे पाहिलंही नाही. पाहिलं असतं तर बरं झालं असतं.

पंचेचाळीसाव्या वर्षी घेतली असती, तर साखर सुरू होण्याआधी ती चालू असती. २०१३ च्या नियमांनी आयुष्यभर नूतनीकरणाचा हक्क दिला, तो त्यांना आपोआप मिळाला असता.

२०२४ च्या ऑगस्टमध्ये भाईंना मुंबईत नेऊन स्टेंट बसवावी लागली. विम्याचे पैसे मिळणार नव्हते, चार वर्षांतलं दुसरं वर्ष चालू होतं. कंपनीचं काही चुकलं नाही. कागदात तसंच लिहिलं होतं आणि मीच तो वाचून दाखवला होता. २ लाख ८५ हजार रुपये झाले. कुवेतहून आणलेल्या सेवासमाप्तीच्या रकमेतून ते दिले.

आता नियम काहीसे सैल झाले आहेत, ते सांगायला हवेत, कारण ऐकणाऱ्यांत आखातात आयुष्य काढून परतलेल्यांची घरं बरीच असतील. २०२४ च्या एप्रिलपासून विमा कंपन्यांना पासष्टीनंतरच्या माणसासाठी सरसकट दार लावता येत नाही, आणि आधीच्या आजारांसाठी थांबण्याची कमाल मुदत चारवरून तीन वर्षांवर आली. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये सत्तरी पूर्ण केलेल्या प्रत्येक नागरिकाला, उत्पन्न न पाहता, आयुष्मान योजनेत वर्षाला पाच लाखांपर्यंतचे उपचार खुले झाले. २०२५ च्या २२ सप्टेंबरपासून वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा जीएसटी गेला. दार उघडं असलं तरी हप्ता किती, हे मात्र कंपनी ठरवते. आणि आखातातून माणूस परततो साठीला, सरकारचं कार्ड मिळतं सत्तरीला. मधली दहा वर्षं ज्याची त्याने काढायची आहेत.

माझा भाचा, धाकट्या बहिणीचा मुलगा, २०२५ मध्ये शारजाला लागला. जाण्याआधी भाईंच्या पाया पडायला आला होता. भाईंनी त्याची सगळी कागदपत्रं मागून घेतली, ती ३२० दिरहॅमवाली पॉलिसीही मोबाइलवर उघडायला लावली, आणि चष्मा कपाळावर सरकवून चौसष्ट वयाची ओळ शोधून काढली. मग मला म्हणाले, "याचं इकडचं पण काढून ठेव. आणि बघू म्हणू नकोस."

फॉर्म मी त्याच रात्री भरला. वय चोवीस. मधुमेह, रक्तदाब, हृदयविकार, या तिन्ही रकान्यांत 'नाही' लिहिलं.